तीस-पस्तीस हजारांत पहिला कॅमेरा: निकॉन डी३५०० आणि त्यासोबतची एक लेन्स

पहिला कॅमेरा घ्यायचा आहे, हाताशी तीस-पस्तीस हजार आहेत आणि फोटो काढायला मनापासून शिकायचं आहे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं. चांगल्या हातातला सेकंडहँड निकॉन डी३५०० घ्या, त्याच्यासोबत १८-५५ एएफ-पी व्हीआर किट लेन्स घ्या (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स, व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय) आणि उरलेल्या पैशांत ३५ एमएम एफ १.८ ही झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी लेन्स घ्या. हीच जोडी मी वापरते आणि तिच्याबद्दलच लिहिते आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी साताऱ्याची. पतसंस्थेत नोकरी करते, लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही. कासची फुलं, लोणंदहून पुढे जाणारी माउलींची पालखी, घरातली माणसं, सणवार, एवढंच माझं फोटोंचं जग आहे. तुमचंही साधारण असंच असेल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल. मात्र ज्यांना यूट्यूब चॅनेल काढायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावायची सोय नाही, स्क्रीन फिरत नाही आणि व्हिडिओ १०८० पर्यंतच निघतो. त्यांनी सोनी झेडव्ही-ई१० किंवा कॅनन आर५० बघावा आणि खिशाची तयारी जास्त ठेवावी.

डी३५०० हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, ऑगस्ट २०१८ मध्ये आला. आता त्याचं उत्पादन बंद झालं आहे, कारण बहुतेक कंपन्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या. हौसेने डीएसएलआर घेतलेली बरीच मंडळीही मिररलेसकडे गेली, नाहीतर मोबाइलवर परत आली. त्यामुळे जेमतेम वापरलेले, कपाटात पडून राहिलेले कॅमेरे आज बऱ्याच कमी किमतीला मिळतात. आतला सेन्सर (उजेड टिपणारा भाग) मात्र तोच आहे, २४ मेगापिक्सेलचा, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. मोबाइलच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी मोठा आहे. शिकणाऱ्याला त्यातून जे फोटो मिळतात ते भिंतीवर मोठे छापून लावण्याजोगे असतात.

त्याच पैशांत नवा कोरा डीएसएलआर का नको, हा प्रश्न मला नेहमी येतो. दुकानात सगळ्यात स्वस्त म्हणून पुढे केला जायचा तो कॅननचा ३०००डी. त्याचा लेन्स बसवायचा माउंट प्लास्टिकचा आहे, स्क्रीन २.७ इंची आहे आणि सेन्सर १८ मेगापिक्सेलचा. त्याच्या वरचा १५००डी बरा आहे, त्याचा माउंट धातूचा आहे, पण सेकंदाला तीनच फ्रेम निघतात आणि बॅटरी एका चार्जवर कंपनीच्या हिशोबाने ५०० फोटो देते. डी३५०० सेकंदाला पाच फ्रेम काढतो आणि त्याची बॅटरी त्याच हिशोबाने १५५० फोटो देते. ज्यांना पुढे कधी घरात फ्लॅश वापरून बघायचा आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. १५००डी आणि कॅननचाच २००डी मार्क टू या दोन्ही कॅमेऱ्यांच्या हॉटशूमध्ये (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला संपर्कबिंदू काढून टाकलेला आहे. त्यामुळे बाजारात दोन-अडीच हजारांत मिळणारे साधे मॅन्युअल फ्लॅश त्यांच्यावर पेटतच नाहीत, कॅननसाठी खास बनवलेला महाग फ्लॅश घ्यावा लागतो. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत. निकॉनच्या हॉटशूवर ही अडचण नाही.

२००डी मार्क टू हा तरीही चांगला कॅमेरा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टच स्क्रीन आहे, ती फिरते, आणि स्क्रीनवर बघून फोकस करताना तो डी३५०० च्या कितीतरी पुढे आहे. सेकंडहँडमध्ये मात्र तो आठ-दहा हजारांनी महाग पडत होता. तेवढ्या पैशांत माझी दुसरी लेन्स आली, आणि शिकणाऱ्याच्या फोटोत फिरत्या स्क्रीनपेक्षा त्या लेन्सने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

खरेदीसाठी मी मुंबईला फोर्टात, बोरा बाजारात गेले होते. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. एकाला लागून एक कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, नवं-जुनं सगळं मिळतं आणि एका दुकानात पटलं नाही तर शेजारी विचारता येतं. एका ठिकाणी मला फार आग्रहाने एक ५० एमएम एफ १.८ लेन्स दाखवली. "ताई, ही घ्या, बॅकग्राउंड एकदम मस्त ब्लर होतं आणि किंमत बघा." किंमत खरंच कमी होती. लेन्सवर १.८ च्या पुढे 'डी' लिहिलेलं होतं. नवशिक्यांनी हे अक्षर लक्षात ठेवायचं. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेल्या लेन्समध्ये ती असते, जुन्या 'एएफ-डी' लेन्समध्ये नसते. ती लेन्स डी३५०० वर बसते, फोटोही निघतो, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने फिरवून करावा लागतो. मी त्यांना तसं म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे ती आत ठेवली आणि ३५ एमएमची एएफ-एस काढून दिली.

उलटीही एक अडचण आहे. नव्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी७००० अशा जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत. म्हणजे कुणाच्या घरी दादाचा जुना डी३१०० असेल आणि त्यासाठी स्वस्तात किट लेन्स शोधत असाल, तर एएफ-पी घेऊ नका.

आता सेकंडहँड कॅमेरा कसा बघायचा ते जरा सविस्तर सांगते, कारण पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच.

जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्यावं. त्या कॅमेऱ्यात ते घालून एक फोटो काढावा आणि तो एडिट न करता, व्हॉट्सअ‍ॅपवरून न पाठवता, कार्ड रीडरने मोबाइलमध्ये घ्यावा. निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत शटर (फोटो काढताना क्षणभर उघडणारा पडदा) किती वेळा उघडलं तो आकडा लिहून ठेवतो. शटर काउंट दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर फोटो टाकला की तो आकडा समोर येतो. या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंत चालेल असं धरतात. मी घेतला त्याचे साडेअकरा हजार झाले होते. पन्नास हजारांच्या पुढे गेलेला असेल तर किंमत तशी कमी करून मागावी. कॅननच्या स्वस्त बॉडी हा आकडा फोटोत लिहीत नाहीत. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं, नाहीतर केबल जोडून सॉफ्टवेअरने बघावं लागतं. माझं मन निकॉनकडे झुकलं त्याला हेही एक कारण होतं.

मग सेन्सर. 'ए' मोडवर (यात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत यायचं भोक, आपण ठरवतो) एफ २२ ठेवायचं आणि एक कोरा पांढरा कागद मुद्दाम आउट ऑफ फोकस करून फोटो काढायचा. स्क्रीनवर मोठा करून कोपरा न् कोपरा बघायचा. करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. धूळ साफ होते, त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण ठिपका नसून ओरखड्यासारखी रेघ असेल तर कॅमेरा परत ठेवावा.

लेन्समधली बुरशी सगळ्यात महत्त्वाची. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हवेतल्या दमटपणामुळे ती हमखास शोधावी. लेन्स बॉडीवरून काढायची, दोन्ही झाकणं काढायची, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. या लेन्सना अ‍ॅपर्चरची रिंग नसते आणि बॉडीवरून काढली की आतली पाकळी जवळजवळ मिटलेली राहते, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळत नाही. लेन्सच्या मागच्या बाजूला धातूची एक बारीक पट्टी असते. ती नखाने हळूच सरकवली की पाकळ्या पूर्ण उघडतात आणि आतल्या सगळ्या काचा दिसतात. धुळीचे चार कण असतील तर चालतात, फोटोत ते येत नाहीत. पण कडेकडून आत पसरत गेलेले पांढरट बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये, बाकीच्या लेन्सशेजारी तर ठेवूच नये. पट्टी सोडल्यावर पाकळ्या झटकन मिटल्या पाहिजेत. सुस्तपणे मिटत असतील तर आत तेल आलेलं असतं.

बाकीचं पटापट बघून होतं. अकराही फोकस पॉइंट (फ्रेममध्ये फोकस धरायच्या जागा) एकेक करून वापरून बघायचे, वरचा छोटा फ्लॅश उघडतो आणि पेटतो का ते बघायचं, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत ना, पकडीचं रबर सुटलेलं नाही ना. मूळ बिल मागावं आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवून घ्यावा. बिल नाही, खोका नाही आणि किंमत मात्र सगळ्यांपेक्षा कमी, असा माल चोरीचा असू शकतो. मी किट लेन्ससकट बॉडीचे २३,५०० आणि ३५ एमएमचे ८,५०० दिले, म्हणजे ३२,०००. कार्ड आणि ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा) वेगळे. दर हलत असतात, पण घासाघीस करताना हा आकडा हाताशी असू द्या.

आता वापर. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती वजन. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडी ४१५ ग्रॅम आहे, लेन्स प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर गळ्यात राहिला तरी मान अवघडत नाही, आणि पकड खोल असल्यामुळे घामेजल्या हातातूनही निसटत नाही. मेन्यू मराठीत करून घेता येतो. माझ्या वडिलांना मी तसाच करून दिला आणि ते आता स्वतःहून सेटिंग बदलतात.

किट लेन्सला नावं ठेवायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. १८-५५ एएफ-पी २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते आणि ५५ वर लहान वस्तू बरीच मोठी टिपते. कासला मी सप्टेंबरात जाते, तेव्हा तेरडा आणि सोनकी तर कुणीही टिपेल, पण सीतेची आसवं हे नखाएवढं जांभळं-निळं फूल या साध्या लेन्सने फ्रेममध्ये भरून येतं. ३५ एमएम महाग आणि नावाजलेली असूनही इतक्या जवळच्या कामात तिच्या मागे पडते. वेगळी मॅक्रो लेन्स घ्यायची घाई म्हणूनच करू नये. पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे एफ ८ ठेवा आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ करू नका, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तरी वाढू द्या. १६०० पर्यंत हा सेन्सर निर्धास्त वापरावा, ३२०० लाही छान चालतो.

कासलाच या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी उणीव कळते. स्क्रीन फिरत नसल्यामुळे जमिनीलगतच्या फुलासाठी ओल्या कातळावर पालथं पडावं लागतं. शिवाय स्क्रीनवर बघून फोकस फार संथ होतो, म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा लागतो. फुलांसाठीच कॅमेरा घेणार असाल तर डी५३०० किंवा डी५६०० सेकंडहँडमध्ये शोधा, त्यांची स्क्रीन फिरते आणि लेन्स याच चालतात. आणि वाटेवरूनच फोटो काढा. हे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, एका फोटोसाठी वाट सोडून दहा रोपं तुडवणारे लोक बघितले की जीव तुटतो.

व्ह्यूफाइंडरची सवय मात्र लावून घेण्यासारखी आहे, आणि ती पालखीत कळते. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून आधी स्वाराचा आणि माउलींचा असे दोन्ही अश्व धावत येतात आणि काही क्षणांत निघून जातात. उजेडात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, मोबाइल वर धरलेले शेकडो हात समोर असतात. डोळा भिंगाला लावलेला असला की अश्व जसा आहे तसा, जराही उशीर न होता दिसतो. मी एएफ-सी (हलत्या गोष्टीवर फोकस सतत धरून ठेवणारी सेटिंग) ठेवते, फक्त मधला पॉइंट वापरते कारण अकरांत तोच सगळ्यात पक्का आहे, शटर १/१०००, आणि जेपीईजीवर काढते. रॉवर (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलवर) थोड्याच फ्रेम झाल्या की कॅमेरा अडखळतो आणि नेमका अश्व समोर आलेला असतो. रिंगण झाल्यावर लोक टापांखालची माती कपाळी लावायला धावतात. त्या चेहऱ्यांसाठी कार्डात जागा आणि बॅटरीत जीव राखून ठेवावा लागतो. बॅटरीची चिंता या कॅमेऱ्याने मला कधीच दिली नाही. मुक्कामाच्या गावात चार्जिंगच्या एका पॉइंटपाशी किती मोबाइल रांगेत असतात ते ज्यांनी बघितलं आहे, त्यांना याची किंमत कळेल.

धूळ हा या कॅमेऱ्याचा शत्रू आहे. सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय निकॉनने यात दिलेलीच नाही. त्यामुळे बुक्का, भंडारा, पालखीची माती उडत असताना लेन्स बदलायची नाही. घरून निघतानाच ठरवायचं की आज कुठली लेन्स. जेजुरीला सोमवतीला जाणार असाल तर किट लेन्स लावून, वरून पारदर्शक पिशवी रबराने बांधून जा. १८-५५ झूम करताना पुढे-मागे सरकते आणि तो पिवळा बारीक भंडारा तिच्या नळीच्या फटीतून आत जातो.

३५ एमएमबद्दल शेवटी लिहिते आहे, पण माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ तीच असते. डोळ्याला दिसतं साधारण तेवढंच ती दाखवते, ३० सेंटीमीटरवर फोकस करते, आणि किट लेन्स ५५ वर एफ ५.६ ला जेवढा उजेड घेते त्याच्या जवळपास दहापट उजेड ही १.८ वर घेते. याचा अर्थ काय, ते गणपतीच्या आरतीला कळतं. घरातला दिवा मालवलेला, समोर निरांजन आणि आजीचा चेहरा. किट लेन्सवर एक तर फोटो हलतो, नाही तर फ्लॅश पेटून सगळ्या उजेडाचा रंग उडतो. ३५ वर एफ २, १/१००, आयएसओ १६०० आणि ज्योतीचा तो तांबूस उजेड चेहऱ्यावर जसाच्या तसा राहतो. १.८ वर फोकस डोळ्यावर हवा, नाकावर गेला की डोळे धूसर होतात. म्हणून ऑटो पॉइंट बंद करून एकच पॉइंट डोळ्यावर ठेवायचा. माझी भाची ऋचा हा कॅमेरा घेऊन शिकली. तिने पहिली सुट्टी फक्त या लेन्सवर काढली. झूम नसल्यामुळे तिला पुढे-मागे चालावं लागलं, कुठे उभं राहायचं याचा विचार करावा लागला. तिचे फोटो मोबाइलवाल्या भावंडांपेक्षा वेगळे दिसायला लागले ते तेव्हापासून.

मोबाइलवर फोटो पाठवायची सोय मात्र अर्धवट आहे. वाय-फाय नाही, फक्त ब्लूटूथ, आणि त्यातून आपोआप जातात ते दोन मेगापिक्सेलचे छोटे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपला ते पुरतात. मोठे हवे असतील तर ओटीजीचा कार्ड रीडर घ्या, दोन-तीनशे रुपयांत काम होतं.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, म्हणून बॅगेत कॅमेरा ठेवून देऊ नका. बॅगेचा स्पंज ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि डब्यात कॅमेरा-लेन्स, एवढं पुरे. पुडीतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करून घ्या. मात्र तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा वापरा. रोज हाताळलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

ऋचाला आता भिगवणला फ्लेमिंगो टिपायचे आहेत, त्यामुळे आम्ही लांबचं जवळ आणणारी ७०-३०० लेन्स शोधतोय. सेकंडहँड बाजारात ती बरीच दिसते, पण दोन प्रकारची असते: नावात व्हीआर असलेली आणि नसलेली. दिसायला सारख्याच. ३०० वर हात जरा थरथरला तरी पक्षी पुसट येतो आणि भिगवणला फोटो हलत्या होडीतून काढायचे असतात, म्हणून एएफ-पी आणि व्हीआर ही दोन्ही अक्षरं लेन्सवर वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं मी तिला बजावलं आहे. गेल्या रविवारी एकाने फोटो पाठवला होता. त्यावर व्हीआर नव्हतं, म्हणून सोडून दिली.